वय नव्हे, काम बघा

पन्नाशी उलटली की कामाचा उरक घटतोच, हे सरसकट विधान मला पटत नाही. ओझी उचलायच्या कामात शरीर थकतं, मान्य. पण मानसशास्त्रज्ञ सॉल्टहाउस यांचा टंकलेखकांवरचा १९८४चा अभ्यास बघा. वयस्कर टंकलेखकांची बोटं तेवढी चपळ नव्हती, तरी टंकनाचा वेग टिकून होता, कारण त्यांची नजर मजकुरात तरुणांपेक्षा काही अक्षरं पुढे असायची!

कारखान्यातही तेच. बीएमडब्ल्यूने २००७मध्ये जर्मनीत डिंगोल्फिंगला सरासरी ४७ वयाच्या कामगारांची एक उत्पादन लाइन लावली. लाकडी फरशी, टेकायला खुर्च्या, बारीक कामासाठी भिंगं, असे छोटे छोटे बदल केले आणि वर्षभरात उत्पादकता ७ टक्के वाढली. यातले बरेचसे बदल कामगारांनीच सुचवले होते, हे मला फार मोलाचं वाटतं.