मदत हवी आहे: नववीतला मुलगा, एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जातं, चंचलता असते). गृहपाठ होतो, पण बाईंच्या टेबलावर पोचत नाही

मुलगा 14 वर्षांचा, सकाळची शाळा, राज्य मंडळ. सकाळी सातला मिथिलफेनिडेट या एडीएचडीच्या औषधाची दीर्घकाळ चालणारी गोळी. वर्गात ठीक असतो. केलेली वही मात्र दप्तरातच राहते, डबा अर्धा परत येतो आणि संध्याकाळी अभ्यासावरून भांडण. पुढच्या वर्षी दहावी. काय बदलावं?

प्रतिसाद
वहीचं आधी. काम करणं वेगळं, ते वेळेवर आठवून पुढे करणं वेगळं. या मुलांचं घोडं दुसऱ्या ठिकाणी अडतं. ओरडून ते सुटत नाही. भडक रंगाचं चेनचं एकच फोल्डर घ्या, द्यायचं ते सगळं त्यात. विषयवार फायली नकोत, आठ फायली म्हणजे हरवायच्या आठ जागा! फोल्डर दप्तरात आणि दप्तर दाराशी, तेव्हाच गृहपाठ 'झाला'. बाईंनी पहिल्या तासाला 'फोल्डर' एवढंच म्हणावं. बहुतेकांचं फसतं ते इथे: आठवडाभर जमलं की आईबाबा लक्ष काढून घेतात. दोन-तीन महिने तरी रात्री शेजारी उभं राहा.

प्रतिसाद
संध्याकाळच्या भांडणाची वेळ लिहून ठेवा. अशा गोळ्या प्रकारानुसार साधारण 8 ते 12 तास चालतात, म्हणजे सातची गोळी तीन ते सातच्या दरम्यान उतरणार. उतरताना काही मुलं चिडतात, दबलेली भूकही तेव्हाच उसळते. गणित दुपारच्या जेवणानंतर लगेच, 20 मिनिटं काम, 5 मिनिटं सुट्टी. साडेचारला थालीपीठ, अंडं असं पोटभर द्या, मग खेळायला सोडा. गोळीच्या आधी नाश्ता झालाच पाहिजे. स्वतःच्या मनाने संध्याकाळी जास्तीची गोळी नको, झोप उडते. आठवड्याच्या नोंदी डॉक्टरांना दाखवा, वजन-उंचीही तपासून घ्या. औषध शेड्यूल एक्समधलं, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या यादीतलं, प्रत्येक केमिस्टकडे नसतं. पट्टी संपायच्या आठवडाभर आधी निघा.

धागाकर्ती
गणित दुपारी हलवते. बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतींचं काय?

प्रतिसाद
2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत एडीएचडी स्वतंत्र नाही, विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) आहे. दोन्ही बरेचदा जोडीने असतात, म्हणून वाचन, लेखन, गणिताचं मूल्यांकनही करून घ्या. खाजगी अहवालावर थांबू नका, सवलतींसाठी प्रमाणपत्र अधिकृत केंद्राचंच लागतं. मुंबईत सायन रुग्णालयात असं क्लिनिक आहे. तारीख लांबची मिळू शकते, नाव नववीतच घाला.