गोधडीला धावदोराच हवा का? गाठी मारून चालत नाही?

चारबोटं: आईची दोन नऊवारी अन् मधे जुनी चादर घालून गोधडी केली, पण धावदोरा न घालता. भरतकामाचा सहापदरी दोरा घ्यायचा, सुई खाली घालून पाव इंचावर वर काढायची, परत त्याच जागी एकदा, मग उजवीवर डावी आणि डावीवर उजवी अशी गाठ. दर चार बोटांवर एक. कडा मशीनवर मारल्या. दोन संध्याकाळी संपलं! सासूबाई म्हणतात ही गोधडीच नाही. मला पटत नाही. अमेरिकेत मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या समाजात अशाच गाठी मारून दुलया करतात आणि निर्वासितांना पाठवतात, हात भरभर चालतो म्हणूनच एवढ्या होतात ना. आणि आपला गादीवाला तरी काय करतो, दाभणाने टाकेच मारतो की.

वाकळवाली: गादी कधी धुतेस का गं? वाकळ धुवायची असते, ओली झाली की एवढी जड होते की दोघी लागतात पिळायला, आणि तो सगळा ताण तुझ्या त्या एकेका गाठीवर येणार. लुगडं आधीच झिजलेलं. गाठीपाशीच फाटणार बघ. धावदोऱ्यात तोच ताण शेकडो टाक्यांवर वाटला जातो. आजी कडेपासून सुरू करून चौकोनात आत आत यायची, विरलेलं कापडसुद्धा त्या टाक्यांनी धरून ठेवलेलं असायचं. जुन्या कापडाला परत ताकद यावी म्हणून तो दोरा आहे, नक्षीसाठी नाही.

चारबोटं: विरलेल्या जागी मी खालून ठिगळ लावून मगच गाठ मारलीय. आणि धावदोऱ्याची गोधडी माझ्याकडून झालीच नसती गं, नोकरी करून महिना दोन महिने कोण बसणार, लुगडी आणखी दहा वर्षं ट्रंकेत पडली असती. आई गेल्यापासून तशीच होती. आता रोज अंगावर घेते.

रजई_नागपूर: आत काय आहे त्यावर आहे सगळं. पॉलिएस्टरचं वॅडिंग, म्हणजे आत भरायचा तयार थर, एकसंध असतं, चार-पाच इंचांवर गाठी मारल्या तरी सरकत नाही. पिंजलेला सुटा कापूस असेल तर मात्र विसरा, धुतला की गोळे होऊन एका कोपऱ्यात जमा. आणि दोरा नायलॉनचा नको, गाठ सुटते. लोकरीचा बेस्ट, धुवून धुवून आवळत जातो.

दुपटं: बाळासाठी गाठीवालं अजिबात करू नका प्लीज. वर राहिलेली टोकं पोरं तोंडात घालून चोखतात आणि ओढून काढतात, माझ्या भाचीच्या घशात अडकता अडकता राहिलं. दुपट्याला धावदोराच.

चारबोटं: हे मान्य, दुपट्याला नाही करणार.

वाकळवाली: आणि मोठ्यांच्या पण नको! पावसाळ्याआधी दोनदा धू, कडक उन्हात वाळव आणि मग आईच्या लुगड्याच्या गाठीपाशी जवळून फोटो काढून इथे टाक.