वार्शावा: कोळ्याचं नाव की गावमालकाचं?

'वॉर्सा' हे आपल्याकडे इंग्रजीतून आलेलं रूप. पोलिश लोक आपल्या राजधानीला 'वार्शावा' म्हणतात. वार्स हा व्हिस्तुला नदीवरचा गरीब कोळी, सावा ही त्याला भेटलेली मत्स्यकन्या, आणि दोघांची नावं जोडून शहराचं नाव झालं, असं वाचलं. शहराच्या चिन्हावर ढाल-तलवार घेतलेली मत्स्यकन्या आहेच. मग ही व्युत्पत्ती खरी धरायची का?

— गोष्ट गोड आहे, पण व्युत्पत्ती म्हणून टिकत नाही. जुन्या कागदपत्रांत 'वार्शेवा', 'वार्शोवा' अशी रूपं येतात. त्यांत 'सावा' कुठेच नाही! 'वार्श' हे पुरुषाचं नाव आणि पुढे मालकी दाखवणारा स्त्रीलिंगी प्रत्यय, कारण पोलिशमध्ये 'गाव' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. 'रामाची वाडी'मधली वाडी गळून नुसतं 'रामाची' उरावं, तसं हे 'वार्शची'.

— मग 'ए'चा 'आ' कसा झाला?

— तो तिथल्या माझोव्शे प्रांताच्या बोलीचा परिणाम मानतात. त्या बोलीत 'याब्वको' (सफरचंद) या शब्दाचं 'येब्वको' होई. असा 'ए' गावंढळ वाटू लागला, तेव्हा जिथे तो मुळातच बरोबर होता तिथेही लोकांनी 'आ' घातला. 'पानी' म्हटल्याबद्दल बोलणी खाल्लेलं पोर पुढे 'मन'लाही 'मण' म्हणू लागतं, तसंच.

— हा वार्श म्हणजे रावीच कुळातला सरदार, 12व्या-13व्या शतकातला, असं सांगतात.

— सांगतात खरं, पण मला ते घाईचं वाटतं. प्रत्ययावरून वार्श नावाचा कुणी मालक होता एवढंच कळतं. तो नेमका कोण, हे नाव सांगत नाही.

मला जास्त मोह पडतो तो 'वार्श'चाच. विठ्ठलाचं विठू, तसं हे 'वार्त्सिस्वाफ'चं आखूड रूप. त्यातला पहिला भाग 'परतणे' या अर्थाचा, आपल्या 'आवर्तन'मधल्या 'वृत्' धातूचा नातलग. दुसरा भाग 'स्लावा', म्हणजे कीर्ती. संस्कृत 'श्रवस्'चा सख्खा भाऊ. आणि 'व्रोत्सवाफ' या दुसऱ्या पोलिश शहरातही हेच नाव आहे. तिथे ते जवळजवळ पूर्ण उरलं, राजधानीत त्याचा 'वार्श' झाला.