बाबांचा न्यूमोनिया उतरंना, रेझिस्टंट जंतू आहे हे कळतं कसं?

यंत्रमाग_सोलापूर: बाबा 63 वर्षांचे, अख्खी हयात अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर गेली. एक्स-रेत उजवीकडं खाली न्यूमोनिया निघाला, गोळ्यांचा आज चौथा दिवस तरी ताप 101 च्या खाली येत नाही अन् आज दम पण लागतोय. डॉक्टर म्हणले जंतू रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारा, असू शकतो. एक्स-रेवरून कळत नाही का ते? दोन महिन्यांपूर्वी पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय, तेव्हा आठवडाभर ॲडमिट होते, सलाईनमधून अँटिबायोटिक चालू होतं.

लॅबवाला: एक्स-रेवरून नाही कळत दादा. बेडका कल्चरला लावावा लागतो, जंतू वाढला की त्यावर औषधांच्या चकत्या ठेवतात, जे औषध चालतं त्याच्या भोवती मोकळं वर्तुळ पडतं. दोन-तीन दिवस लागतात. चूळ भरून खोल खोकून आलेला घट्ट बेडकाच द्या, आमच्याकडं कितीतरी डब्यांत नुसती लाळ येते, त्यातून काय कळणार. खरं तर हे अँटिबायोटिकच्या आधी द्यायला पाहिजे होतं, पण आता तरी द्याच.

छातीचा_डॉक्टर: ऑपरेशनचं तुम्ही शेवटी लिहिलंत, डॉक्टरांना ते सगळ्यात आधी सांगा. मागच्या 90 दिवसांत ॲडमिट होऊन शिरेतून अँटिबायोटिक घेतलं असेल तर एमआरएसए किंवा स्युडोमोनास या नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंची शक्यता वाढते. आधी कधी बेडक्यात हेच जंतू निघाले असतील तर आणखी जास्त. पण शक्यता वाढली म्हणजे तेच आहे असं नाही, छातीत पाणी झालं असेल, व्हायरल असेल, टीबी असेल, तरी ताप उतरत नाही. आणि दम लागतोय ना, मग कल्चरची वाट बघत घरी थांबू नका, आजच ॲडमिट करा.

विडी_घरकुल: टीबीचं खरंय. माझ्या आईला न्यूमोनिया म्हणून लेव्होफ्लॉक्सासिन दिलं, ताप उतरला, आम्ही निर्धास्त, अन् महिन्याभरानं परत तेच, शेवटी टीबी निघाला. ते औषध टीबीच्या जंतूवर पण थोडं चालतं म्हणून तो झाकला जातो. बेडक्याची सीबीनॅट टेस्ट करून घ्या भाऊ, त्यात टीबीचा जंतू कळतो, सरकारीत फुकट आहे.

यंत्रमाग_सोलापूर: संध्याकाळी सिव्हिलला आणलं, ऑक्सिजन 89 होता, आता मास्क लावलाय. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड दाखवलं, त्यांनी रक्ताचं कल्चर घेऊन मगच इंजेक्शन बदललं. बेडका कल्चरला अन् सीबीनॅटला दोन्हीकडं दिलाय. विडी घरकुलवाल्या ताई की दादा, आईंना आता बरं आहे ना?