‘ओथ ऑफ अलीजन्स’ : निष्ठेची शपथ, कौल की फारकत?

मूळ प्रश्न

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावरच्या एका लेखाचे भाषांतर करते आहे. मे १७७८ मध्ये व्हॅली फोर्जच्या छावणीत वॉशिंग्टन आणि त्याच्या अधिकाऱ्यांनी छापील कागदावर सह्या करून ही ‘ओथ’ घेतली. मी ‘राजनिष्ठेची शपथ’ लिहून मोकळी झाले आणि मग डोक्यात प्रकाश पडला, राजा तर इथे सोडायचाय! नुसते ‘निष्ठेची शपथ’ गुळमुळीत वाटते, ‘एकनिष्ठतेची’ म्हटले की लग्नाचा मांडव आठवतो. काय करू?

प्रतिसाद १

‘शपथ’च ठेवा. ‘आण’ नको, ती आईची नाहीतर गळ्याची असते. क्रियापद मात्र सांभाळा. घरात शपथ खातात, पदाची शपथ घेतात. ‘खाल्ली’ लिहिलेत तर वॉशिंग्टन चिंचा चोरताना सापडलेल्या पोरासारखा दिसेल.

प्रतिसाद २

ताई, अडचण ‘निष्ठे’त नाही, ‘शपथे’तही नाही. त्या कागदाचा मजकूर बघा. आधी ही अमेरिकन राज्ये स्वतंत्र आणि सार्वभौम आहेत हे मान्य करायचे, मग इथल्या लोकांचे ब्रिटनच्या राजाशी, तिसऱ्या जॉर्जशी, काही देणेघेणे नाही असे सांगायचे, आणि त्यावर ‘रिनाउन्स, रिफ्यूज, अब्ज्युअर’ (सोडतो, नाकारतो, त्यागतो) अशी तीन क्रियापदे एकापुढे एक. राज्यांचे रक्षण करीन, पदाचे काम इमानाने करीन, हे सगळे त्यानंतर. अर्धी शपथ जोडण्याची, अर्धी तोडण्याची. आपली ‘निष्ठेची शपथ’ फक्त जोडण्याचा अर्धा भाग सांगते.

तोडण्याला आपल्याकडे ठणठणीत शब्द आहे : फारकत. फारकती म्हणजे हिशेब मिटल्याचा, संबंध संपल्याचा लेखी कागद. ‘अब्ज्युअर’ला ‘परित्याग’ लिहिणारे लिहोत. परित्यागात संन्याशाचा वास येतो, फारकतीत सहीशिक्का दिसतो.

या तोडण्यावरच वॉशिंग्टनच्या हाताखालचा जनरल चार्ल्स ली अडला होता. शपथ घेताना त्याने म्हणे बायबलवरचा हात मागे घेतला. वॉशिंग्टनने कारण विचारले, तर म्हणाला, राजाला सोडायला मी केव्हाही तयार आहे, पण प्रिन्स ऑफ वेल्सबद्दल, म्हणजे युवराजाबद्दल, मन जरा कचरतंय. छावणी हसली, आणि पुढे त्याने सहीही केली.

उपप्रतिसाद (मूळ प्रश्नकर्ती)

काका, ‘फारकत’ झकास! पण याच लेखात ब्रिटिशही लोकांकडून शपथा घेतात आणि बदल्यात ‘प्रोटेक्शन’ देतात. तिथे ‘संरक्षण’ लिहिले तर बंदूकधारी पहारेकरी वाटतो.

प्रतिसाद २ (पुढे)

तिथे ‘कौल’. फौज मुलखात शिरली की रयतेला अभयाचा कागद मिळे तो कौल, देवळातला नव्हे. ३० नोव्हेंबर १७७६ ला ब्रिटिश फौजेचे आणि आरमाराचे प्रमुख असलेल्या हाव बंधूंनी जाहीरनामा काढला : साठ दिवसांत येऊन राजाशी इमान लिहून द्या, माफी घ्या. न्यू जर्सीत हजारोंनी कौल घेतला, आणि कौल खिशात असतानाही पुष्कळांची घरे लुटली गेली. मग २५ जानेवारी १७७७ ला वॉशिंग्टनने मॉरिसटाउनहून उलटी द्वाही फिरवली : तीस दिवसांत तो कौल आणून द्या आणि आमची शपथ घ्या, नाहीतर शत्रूच्या हद्दीत चालते व्हा. दोन महिन्यांत दोन शपथा. शेतकऱ्याने करायचे काय?

साउथ कॅरोलिनात तर जीव गेला. १७८० मध्ये चार्ल्सटन शहर ब्रिटिशांच्या हाती पडल्यावर अमेरिकन बाजूचा आयझॅक हेन ‘पॅरोल’वर घरी होता. हा पॅरोल तुरुंगातल्या सुट्टीचा नव्हे, लढणार नाही असा दिलेला शब्द. त्याला ‘भाक’ म्हणा. ब्रिटिशांनी त्या भाका रद्द केल्या : राजाची शपथ घ्या, नाहीतर शत्रू ठराल. हेनच्या घरात देवीची साथ होती. तो मदत मागायला शहरात गेला, तिथे त्याच्यापुढे कागद ठेवला गेला. तुला हत्यार धरायला लावणार नाही, या तोंडी भरवशावर त्याने सही केली. पुढे लढायला बोलावणे आलेच. भरवसा मोडला म्हणजे शपथही सुटली, असे धरून तो अमेरिकनांना मिळाला, पकडला गेला आणि ४ ऑगस्ट १७८१ ला फासावर गेला. भाक, शपथ, कौल हे तिन्ही शब्द इथे वेगळे ठेवा. सगळीकडे ‘शपथ’ लिहिलीत तर त्याला का मारले तेच वाचकाला कळणार नाही.

प्रतिसाद ३

शपथेच्या मजकुरातले ‘स्वेअर ऑर अफर्म’ विसरू नका. आपल्याकडे मंत्री ‘ईश्वरसाक्ष शपथ’ तरी घेतात किंवा ‘प्रतिज्ञा’ करतात, तोच पर्याय. पेनसिल्व्हेनियाच्या १७७७ च्या कायद्यातही तो होता, पण क्वेकरांची (शपथ आणि युद्ध दोन्ही न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाची) अडचण फक्त देवाच्या नावापुरती नव्हती. युद्धात बाजूच घ्यायची नाही म्हणून बहुतेकांनी प्रतिज्ञाही केली नाही. मतदान गेले, कर्जवसुलीचा दावा लावता येईना, जमीन घेता-विकता येईना. अशांना इंग्रजीत ‘नॉनजुरर’ म्हणतात. ‘बिनशपथी’ चालेल?

उपप्रतिसाद (मूळ प्रश्नकर्ती)

बिनशपथी पळवला! वाक्य असे केले आहे : ‘अधिकाऱ्यांनी राजाशी फारकत घेऊन नव्या राज्यांशी इमान राखण्याची शपथ घेतली.’ दोनदा ‘घेणे’ येतेय, ते खटकतेय.

प्रतिसाद २

‘फारकत लिहून दिली’ करा. सह्याच तर केल्या होत्या.