हॉलमध्ये गाण्याची बैठक
(सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, जुळे सोलापूर)

बी-302 ताई: नमस्कार मंडळी. पुढच्या शनिवारी रात्री 8 वाजता आमच्या हॉलमध्ये गाण्याची बैठक ठेवायचा विचार आहे. गायिका माझी गुरुभगिनी, पुण्याहून येतेय. माइक नाही, स्पीकर नाही. तानपुरा, पेटी, तबला आणि समोर तीस-पस्तीस माणसं. सोसायटीतल्या सगळ्यांना आमंत्रण आहे. कुणाची अडचण असेल तर आत्ताच इथे सांगा, नंतर जिन्यात कुजबुज नको 🙏

सी-303 अण्णा: लई भारी ताई. मी येतोच की.

सचिव (ए-201): उपक्रम चांगला आहे. दोन-तीन प्रश्न. बाहेरची माणसं किती? गाड्या कुठे लावणार? आणि तिकीट आहे का? तिकीट असेल तर राहत्या फ्लॅटचा धंद्यासाठी वापर होतो, मग मला कमिटीपुढे विषय घ्यावा लागेल.

बी-302 ताई: तिकीट नाही. दाराशी तिच्याच खात्याचा क्यूआर कोड ठेवणार. ज्याला जे वाटेल ते त्याने थेट तिलाच द्यायचं. पैसे माझ्या हातातून जाणारच नाहीत. चहा-फराळ माझ्याकडून. बाहेरचे पंधराएक, सगळे माझ्या ओळखीचे.

बी-301 काका: चपला कुठे काढणार ते आधी सांगा. मागे तुमच्याकडे हळदीकुंकू होतं तेव्हा आमचं दार उघडेना.

बी-302 ताई: काका, खाली पार्किंगमध्ये सतरंजी टाकते. चपला तिथेच, वर अनवाणी.

बी-301 काका: आणि कुत्र्यानं चपला पळवून नेल्या तर?

ए-103: काका, कुत्र्याला शास्त्रीय संगीत आवडत नाही, निवांत राहा 😄

बी-202: ताई, रागावू नका. चिरंजीवांची बारावी चालू आहे, सोमवारी फिजिक्स आहे. आणि तुमच्या खाली आम्हीच. गाणं खाली फारसं येत नाही हो, पण तुमच्याकडे रियाजाला तबला बसतो तेव्हा डग्गा, तो खर्जातला डावा, आमच्या छतातून घुमतो. दार लावलं तरी येतो.

ए-304 काका: तबला वाजवणारा मीच, म्हणून सांगतो. तो आवाज हवेतून येत नाही, स्लॅबमधून येतो. डग्ग्याचा घुमारा फरशीत उतरतो. आम्ही रियाजाला नुसत्या सतरंजीवर बसतो, ते चुकतंय. खाली कापसाची जाड गादी, तिच्यावर फळी, वर परत दुमडलेली चादर आणि मग तबल्याची चुंबळ. बराच फरक पडतो. संध्याकाळी वाजवून दाखवतो, तुम्ही खाली उभ्या राहून सांगा.

सचिव (ए-201): ताई, एक सुचवू? हुतात्मा स्मृती मंदिर आहे ना शहरात. नाहीतर आपली गच्ची घ्या, तिथे जागा भरपूर.

बी-302 ताई: स्मृती मंदिर मोठ्या कार्यक्रमाचं. तीस माणसं तिथे पहिल्या दोन रांगांत संपतात. भाडं आलं, माइकवाला आला, आणि मग तिकीट लावावंच लागतं. गच्चीवर भिंती नाहीत, आवाज चारी बाजूंनी निघून जातो, म्हणजे तिथेही माइक. माइक आला की खर्ज वेगळा, श्वास वेगळा, तबलाच पुढे. मला ती समोर सहा फुटांवर बसून गाताना ऐकायचीय. तान घेताना जबडा कसा सैल सोडते, समेवर यायच्या आधी तबल्याकडे कशी बघते, हे नाट्यगृहात विसाव्या रांगेतून कुणाला दिसलंय?

ए-103: पुण्यात आणि मुंबईत हे सर्रास चालतं. सोफार साउंड्स म्हणून आहे, 2009 ला लंडनमध्ये एका घरातूनच सुरू झालं. कोण गाणार हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. लोक जमिनीवर बसतात, मध्ये बोलायचं नाही, मोबाइल खिशात.

सी-303 अण्णा: लंडनचं काय कौतिक सांगायलास बे. आमच्या पूर्व भागात माग बंद झाले की घराघरात भजनं बसायची. माझ्या आज्यानं अर्धी उमर जमिनीवर बसूनच गाणं ऐकलं. नाव तेवढं नव्हतं ठेवलं.

बी-204: मी जरा वेगळं विचारते. हॉलमध्ये 35 माणसं एकदम बसली तर स्लॅबला काही होत नाही ना? आमच्या सासूबाईंना काळजी.

सी-101: हा प्रश्न माझ्या धंद्याचा. राहत्या खोल्यांचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 200 किलो वजन धरून काढतात. ताईंचा हॉल 20 बाय 12, म्हणजे सव्वाबावीस चौरस मीटर. 35 माणसं गुणिले 65 किलो, झाले 2275. मीटरला शंभर-एकशेदोन किलो पडतात. सोफा आणि टीपॉय बाहेर काढलेत तर आणखी हलकं. सासूबाईंना सांगा निश्चिंत बसा. फक्त बाल्कनीत घोळका करू नका, आणि तालावर सगळ्यांनी एकदम उड्या मारू नका. बसलेलं वजन वेगळं, नाचणारं वेगळं.

बी-204: सासूबाई म्हणतात, त्या उड्या मारणार नाहीत.

सी-101: आणखी एक ताई. तुमच्याकडे सगळी चकचकीत टाइल्स आणि मोठी सरकती काच आहे. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवून बघा, परत ऐकू येते. गाताना शब्दावर शब्द चढतील. काचेवर काहीतरी जाड टांगा.

सी-303 अण्णा: सोलापुरात राहून जाड काय टांगू म्हणून विचारता? चादरी आणतो मी. चांगल्या जाड, दुहेरी विणीच्या. काचेला चार, मागच्या भिंतीला चार. खाली सतरंज्या मीच टाकतो. कार्यक्रम झाला की धुवून परत, एवढंच.

सचिव (ए-201): वकील काका, तुम्ही काहीच बोलला नाहीत. 8 ला सुरू झालं तर 10 च्या पुढे जाणारच. माइक नाही म्हणजे नियम लागत नाही ना?

ए-402 वकील काका: लागतो. सगळ्यांचा इथेच गैरसमज असतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. आधी लोक फक्त लाऊडस्पीकरचं धरायचे, पण 2010 च्या दुरुस्तीत वाद्यही आलं. म्हणजे तबला-पेटीसुद्धा. बंद सभागृहाला सूट आहे, त्यात तुमचा हॉल बसतो का यावर वाद घालता येईल. मी 30 वर्षं तेच केलं, पण शेजाऱ्याशी करू नये. राहत्या वस्तीत मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रात्रीचे 45 पाळायचे म्हणजे तराणा कुजबुजत म्हणावा लागेल.

ए-103: पण गणपतीत 12 पर्यंत चालतं की.

ए-402 वकील काका: ती सरकारने दिलेली सूट. वर्षाला जास्तीत जास्त 15 दिवस, सणा-उत्सवांना. आपल्या बैठकीला नाही. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवालाही तेच. 1953 पासूनचा, पूर्वी रात्र-रात्र चालायचा. आता 10 ला आवरतात, एखाद्या रात्री 12 पर्यंत परवानगी मिळते. मध्यरात्रीचा दरबारी राग मैफलीत ऐकणं आता जवळपास बंदच झालंय.

बी-302 ताई: मग 6 ला सुरू करू? 9 ला संपवू?

ए-304 काका: 6 ते 9 म्हणजे पूरिया धनाश्री, यमन, फार तर बागेश्री. दर कार्यक्रमात तेच. ताई, माझं ऐका, सकाळ घ्या. रविवारी 7 वाजता. सकाळचे राग दिवाळी पहाटेपुरते उरलेत, आणि तिथेही अर्धा वेळ भावगीतांत जातो. तोडी, देसकार, जौनपुरी नीट तासभर कोण ऐकवतं आता? आणि 6 नंतर तो रात्रीचा नियमही नाही.

बी-302 ताई: अगदी मनातलं बोललात. तिची तोडी ऐकाच तुम्ही. ती आदल्या रात्री हुतात्मा एक्सप्रेसने उतरेल, झोपायला मिळेल. सकाळी आवाज लागायला थोडा वेळ लागतो, पण 5 ला उठते ती.

बी-202: रविवार सकाळ मला चालेल. फक्त फिजिक्सच्या आदल्या दिवशी नको, त्याच्या पुढचा रविवार घ्या. तेव्हा त्याचे मोठे पेपर संपलेत. मग मीही येते, आणि त्यालाही आणते. तोही माणूस आहे.

बी-302 ताई: ठरलं. पुढचा रविवार.

सचिव (ए-201): एक मिनिट. त्या रविवारी पाण्याचा दिवस येतोय का?

ए-103: 😂😂😂

बी-204: हसू नका, पाचव्या दिवशी येतं ते. 7 ला पाणी सुटलं तर 7 ला माणूस नळापाशीच असणार, तोडी काय नि जोगिया काय.

सचिव (ए-201): हिशेबाने शनिवारी येतंय. पुढेमागे झालं तर रविवार. खालच्या मोटारीचा आवाज बी विंगच्या डक्टमधून वर येतो, ते वेगळंच.

सी-303 अण्णा: पाणी आलं तर मोटार 6 ला लावून 7 ला बंद. मी स्वतः बसतो खाली. गाणं चालू असताना बटणाला कुणी हात लावायचा नाही.

सी-101: अण्णा, मग तुम्ही गाणं कसं ऐकणार?

सी-303 अण्णा: 7 ला वर येतो की. एवढं कळतंय मला.

ए-304 काका: ताई, तिचा सूर विचारून ठेवा. पेटीची काळी चार पट्टी असेल तर माझा तबला चालेल. पांढरी पाच असली तरी उतरवून घेता येईल, त्याच्या खाली नाही, तबल्यावरची काळी शाई बोलत नाही. आणि कृपा करून एसी लावू नका. कोरडी थंड हवा लागली की तबल्याचं कातडं, म्हणजे पुडी, ताणते, सूर चढतो, मग दर चीज संपली की मी हातोडी घेऊन गठ्ठे ठोकत बसणार. मार्चमध्ये सकाळी 9 पर्यंत सोलापूर बरं असतं. पंखा एकवर.

बी-302 ताई: सूर काळी चारच आहे. पंखा एकवर ठेवते. फ्रिजसुद्धा दोन तास बंद करणार आहे, त्याची घरघर तानपुऱ्यात मिसळते. रोज लक्षात येत नाही, पण षड्ज लागला की पहिला तोच ऐकू येतो.

बी-301 काका: आमचा फ्रिज चालेल का? भिंत एकच आहे आपली.

बी-302 ताई: काका, तुम्हीच आलात तर फ्रिजचं मी बघते 😊

बी-301 काका: येतो. खुर्ची हवी. गुडघे.

बी-302 ताई: मागच्या भिंतीला सहा खुर्च्या ठेवते, ज्येष्ठांसाठी. बाकी सगळे खाली.

ए-103: मी फेसबुक लाइव्ह करू का? सोसायटीचं नाव होईल.

ए-402 वकील काका: नको. गाणाऱ्याचा स्वतःच्या सादरीकरणावर कायद्याने हक्क असतो, चांगला 50 वर्षांचा. तिला न विचारता रेकॉर्डिंग किंवा लाइव्ह करायचं नाही.

बी-302 ताई: तिला मी विचारलं होतं. पहिली दहा मिनिटं फोटो चालतील, व्हिडिओ नको. ती म्हणते, समोर मोबाइल उभा दिसला की राग सावकाश फुलवायचा, म्हणजे बढतीचा, धीर सुटतो, लवकर द्रुतात, जलद लयीत जावंसं वाटतं.

बी-204: फराळाला काय?

बी-302 ताई: मध्यंतरात फक्त चहा. संपल्यावर सुशीला, म्हणजे आपला भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फराळ, आणि केळी.

सी-303 अण्णा: सुशीलाला मुरमुरे आमच्याकडून. आणि शेंगाची चटणी घरची. तेवढं मला करू द्या.

बी-202: आत्ताच ए-304 काकांनी वर गादी टाकून डग्गा वाजवून दाखवला. आधी छतातून यायचा, आता नुसतं कुणी तरी वर चालतंय एवढंच. चालेल मला. गादी रोजच्या रियाजालाही ठेवा मात्र.

ए-304 काका: ठेवली म्हणून समजा.

सचिव (ए-201): तर असं धरतो. फिजिक्सच्या पुढचा रविवार, सकाळी 7 ते साडेनऊ. बाहेरच्यांची नावं आदल्या दिवशी वॉचमनकडे. दुचाकी रस्त्याच्या बाजूला, कुणाच्या पार्किंगमध्ये नाही. लिफ्ट सहा माणसांची आहे, जमेल त्यांनी जिना चढावा. कमिटीच्या परवानगीची गरज मला वाटत नाही, घरी पाहुणे येतात तसंच आहे. तरी दोन ओळींचं पत्र द्या ताई, फाइलला राहील. आणि डिसेंबरमध्ये आपल्याच आवारात हळदीला रात्री साडेअकरापर्यंत डीजे वाजला, तेव्हा या ग्रुपवर एक मेसेज नव्हता. तबल्याला मात्र इतके प्रश्न. माझ्यासकट सगळ्यांना म्हणतोय.

सी-101: तेव्हा खिडकीच्या काचा थरथरत होत्या, मेसेज टाइप करायला जमेना.

बी-302 ताई: पत्र उद्या देते. ज्यांना यायचंय त्यांनी शुक्रवारपर्यंत मला पर्सनल मेसेज करा, इथे नको. 35 झाले की थांबते, नाही म्हणायचा कंटाळा येतो म्हणून आधीच सांगते. आणि 7 म्हणजे 7. दार 7 ला लागेल, आलाप चालू असताना बेल नको.

बी-204: आम्ही दोघी. सासूबाईंना खुर्ची.

बी-301 काका: चपला खाली म्हणालात, पण वॉचमन 8 पर्यंत झाडांना पाणी घालत असतो. चपलांवर लक्ष कोण ठेवणार?

ए-103: मी बसतो काका. पहिल्या भागापर्यंत. चहाला कुणी तरी बदली या.

सी-303 अण्णा: मी येतो बदली. तोडी तेवढी होऊ दे आधी.