गोल्फ खेळताना त्रास होतो का?

आडवाट:
मला सीव्हीआयडी आहे, म्हणजे प्रतिकारशक्तीचा आजार. शरीर पुरेशा अँटीबॉडी बनवत नाही, म्हणून दर ४ आठवड्यांनी दिवसभर सलाईन लावून दुसऱ्यांच्या रक्तद्रवातून काढलेलं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडी, घ्यायचं. मागच्या खेपेला डे-केअरमध्ये जीवनमानाची प्रश्नावली हातात दिली, एसएफ-३६. त्यात एक प्रश्न: टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, बोलिंग, गोल्फ, असल्या कामांत अडचण येते का? शेजारच्या खाटेवरच्या काकूंनी विचारलं, "गोल्फचं काय लिहू रे?" दोघांनीही 'अजिबात नाही' वर खूण केली. काकूंना जिना चढताना दम लागतो, ते वेगळं.
इटलीत इसाबेला क्विंती आणि सहकाऱ्यांनी फक्त सीव्हीआयडीच्या प्रौढांसाठी ३२ प्रश्नांची प्रश्नावली केली, २०१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. भावना, नातीगोती आणि पोट-त्वचेच्या तक्रारी, असे तीन भाग. मराठीत तशी का नको?

लॅबवाला:
कारण ती मूड मोजते. सलाईनच्या आधीची आयजीजी (रक्तातल्या मुख्य अँटीबॉडीची) पातळी, वर्षात किती अँटिबायोटिक्स, किती वेळा ॲडमिट, फुप्फुसं कशी आहेत, एवढं बघा. रुग्णाचं त्या दिवशी बायकोशी भांडण झालं असेल तर आकडा पडणारच.

आडवाट:
माझी पातळी उत्तम आहे, रिपोर्टवर हिरवी. तरी चौथ्या आठवड्यात मी ऑफिसात खुर्चीवर डुलक्या काढतो. हिरव्या रंगाला ते दिसत नाही.

तिसरी घंटा:
गोल्फवर मीही हसले. पण एसएफ-३६ मधुमेहवाले भरतात, संधिवातवाले भरतात, धडधाकट माणसंही भरतात, म्हणून तुलना करता येते. खास प्रश्नावलीत सीव्हीआयडीची तुलना सीव्हीआयडीशीच. सरकारकडे औषधाचे पैसे मागायला जाल तेव्हा पहिला प्रश्न येईल, इतर आजारांपेक्षा तुमचं किती वाईट? शिवाय हा आजार साधारण २५ ते ५० हजारांत एकाला. मराठीत नुसतं भाषांतर करून भागत नाही, ते उलट भाषांतरित करून ताडायचं, मग पुरेशा रुग्णांवर पडताळायचं. तेवढे निदान झालेले रुग्ण आणणार कुठून?
खरा घोळ तारखेचा आहे. एसएफ-३६ मागच्या ४ आठवड्यांचं विचारते. म्हणजे सलाईननंतरची डोकेदुखी, मधले बरे दिवस आणि शेवटची ओढाताण, सगळं एकाच पातेल्यात. डब्ल्यूएचओची २६ प्रश्नांची छोटी प्रश्नावली २ आठवड्यांचं विचारते, ती सलाईनच्या दिवशी भरली की फक्त औषध उतरत जाण्याचा काळ हाती येतो. कोणती वापरली याइतकंच कधी भरली हेही बघा.

धाकटी सून:
आणि कोणासमोर भरली तेही. आमच्याकडे नवरा रुग्ण. सासूबाई शेजारी बसलेल्या, ह्यांनी सगळीकडे 'बरं आहे' ठोकून दिलं. घरी येऊन तासभर भिंतीकडे बघत होते.
मराठीत करणारच असाल तर पैशाचे प्रश्न भरपूर घाला. डोस वजनावर असतो, किलोला ४०० ते ६०० मिलिग्रॅम. ह्यांचं वजन ५५ वरून ६२ झालं. अंग धरलं म्हणून सासूबाईंनी शिरा केला. मी ५०० नं गुणत बसले, दर खेपेला साडेतीन ग्रॅम जास्त. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

लॅबवाला:
वहिनी, हे जीवनमान नाही, हा औषधाच्या किमतीचा प्रश्न आहे. तो डॉक्टरांना विचारून काय होणार?

धाकटी सून:
भाऊ, शिरा घशाखाली उतरला नाही. त्याला काय म्हणता तुम्ही?

आडवाट:
तिसरी घंटा, तारखेचा मुद्दा पटला, तुलनेचा अर्धा. दोन्ही प्रश्नावल्या द्याव्यात, पण एकांतात. तोवर मी रोज रात्री कॅलेंडरच्या चौकोनात १० पैकी एक आकडा लिहितोय. सलाईननंतर सहाव्या दिवशी ८ होता. आज २५ वा दिवस, ३ लिहिला.

तिसरी घंटा:
एका माणसाच्या आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही. पण कॅलेंडर रद्दीत घालू नका.